नाव ठेवताना : ‘आर्डवार्क’ या शब्दाचा एक पाठ

इंग्रजी शब्दकोश उघडला की पहिल्या काही शब्दांतच एक प्राणी भेटतो : आर्डवार्क. आपल्यापैकी बहुतेकांनी तो प्रत्यक्ष पाहिलेला नसतो, पण नाव लक्षात राहतं, कारण त्याच्या स्पेलिंगची सुरुवातच दोन ‘ए’ नी होते. गंमत म्हणजे ज्या भाषेतून हे नाव इंग्रजीत आलं त्या आफ्रिकान्स भाषेत आज त्याचं स्पेलिंग वेगळं आहे. तिथे त्याला ‘एर्डफार्क’ म्हणतात आणि तो ‘ई’ च्या पानावर असतो. मराठी कोशात घालायचं ठरवलं तर ‘अ’ ने सुरू होणारे सगळे शब्द संपल्यावरच त्याचा नंबर लागेल. म्हणजे शब्दकोशातलं त्याचं मानाचं पान ही जुन्या स्पेलिंगची कृपा.

आपल्या कामाचं आहे ते त्या नावाचा अर्थ. भाषेच्या विद्यार्थ्याला या एका शब्दातून समास, अनुवाद आणि नाव देण्याची जबाबदारी, असे तिन्ही विषय शिकता येतात. म्हणून हा छोटासा पाठ.

शब्द फोडून पाहू

‘आर्ड’ म्हणजे जमीन, माती. इंग्रजीतला ‘अर्थ’, जर्मनमधला ‘एर्डं’ आणि हा ‘आर्ड’ ही एकाच घरातली भावंडं. ‘वार्क’ म्हणजे डुक्कर. डच भाषेत डुकराला ‘फार्कन’ म्हणतात. इंग्रजीतला ‘पोर्क’ लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेला असला तरी मूळ तेच. म्हणजे आर्डवार्क = जमीन + डुक्कर. आपल्या भाषेत शब्दाला शब्द ठेवला तर ‘भुईडुक्कर’.

आता समासाचा विग्रह करा. ‘जमिनीचे डुक्कर’ म्हणून भागत नाही, डुकरं काय आकाशात राहतात? मधलं एक पद गाळलेलं आहे : ‘जमीन उकरणारे डुक्कर’. आपण शाळेत मध्यमपदलोपी समास शिकलो, तोच हा. पुरणपोळी म्हणजे पुरण घालून केलेली पोळी, कांदेपोहे म्हणजे कांदे घालून केलेले पोहे. मधले शब्द बोलणाऱ्याने गिळले आणि ऐकणाऱ्याने ते मनात भरून घेतले.

पण इथे एक अडचण आहे. अशा समासात दुसरं पद प्रधान असतं. पुरणपोळी ही शेवटी पोळीच असते आणि कांदेपोहे हे पोहेच. आर्डवार्क मात्र डुक्कर नाही. डुकराचा तो लांबचासुद्धा नातेवाईक नाही.

मग तो आहे कोण?

आर्डवार्क आफ्रिकेत, सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडे राहतो. वजन साधारण ४० ते ६५ किलो. पाठ कमानीसारखी, अंगावर केस विरळ, कान सशासारखे लांब, शेपूट बुंध्याशी जाड. तोंड लांबुळकं आणि टोकाला डुकरासारखं चपटं. फक्त पहिल्यांदा पाहणाऱ्याची नजर नेमकी त्या तोंडावर जाते. पुढच्या पायांना चार बोटं, मागच्या पायांना पाच आणि त्यांवर फावड्यासारखी मजबूत नखं. डुकराच्या खुरांशी त्यांचं काही साम्य नाही.

तो रात्री बाहेर पडतो आणि मुंग्या-वाळवी खातो. नखांनी वारूळ फोडायचं, सुमारे ३० सेंटिमीटर लांब चिकट जीभ आत घालायची आणि एका रात्रीत हजारो किडे फस्त करायचे, हा त्याचा दिनक्रम, किंवा रात्रक्रम म्हणा. दिवसा तो स्वतः खणलेल्या बिळात झोपतो.

त्याच्या दातांवर एनॅमल नसतं. प्रत्येक दात असंख्य बारीक नळ्या एकत्र बांधल्यासारखा असतो आणि आयुष्यभर वाढत राहतो. असे दात आज हयात असलेल्या दुसऱ्या कोणत्याही सस्तन प्राण्याला नाहीत. म्हणूनच १८७२ मध्ये थॉमस हक्स्ली या शास्त्रज्ञाने त्याच्यासाठी एक स्वतंत्र गण मांडला, ‘ट्युब्युलिडेंटाटा’, म्हणजे नळीदंती. या गणात आज एकच जात शिल्लक आहे. मांजराच्या गणात वाघ, कुत्रा, अस्वल, सील अशी मोठी वस्ती आहे. आर्डवार्कच्या गणात घर एक आणि राहणाराही एकच.

डुक्कर कुठून आलं?

१६५२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीने आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केप इथे, ठाणं बसवलं. हॉलंडहून भारताकडे आणि जावाकडे जाणाऱ्या जहाजांना तिथे पाणी आणि ताजं अन्न मिळावं हा हेतू. हळूहळू तिथे डच शेतकरी वसले. त्यांच्या भोवती असे प्राणी वावरत होते की ज्यांच्यासाठी त्यांच्या भाषेत शब्दच नव्हता. मग त्यांनी घरून आणलेले शब्द नव्या प्राण्यांना चिकटवायला सुरुवात केली.

आफ्रिकान्स भाषा त्या डचमधूनच वाढली. तिच्यात अशा नावांची रांगच सापडते. ‘बोसफार्क’ म्हणजे रानडुक्कर, ‘फ्लाकफार्क’ म्हणजे माळावरचं डुक्कर. हे दोन्ही प्राणी खरंच डुकराच्या कुळातले. पण ‘यस्टरफार्क’, म्हणजे लोखंडी डुक्कर, हा चक्क साळिंदर. तो उंदराच्या गणातला. पाणघोड्याला त्यांनी ‘समुद्रगाय’ म्हटलं. ‘आर्डवुल्फ’ म्हणजे भुईलांडगा, तो निघाला तरसाच्या कुळातला आणि खातो वाळवी. इंग्रजांनीही वेगळं काही केलं नाही. त्यांच्या ‘पॉर्क्युपाइन’ या शब्दाच्या पोटातही ‘काट्यांचं डुक्कर’ लपलेलं आहे.

या सगळ्या नावांत एक रीत दिसते. *अर्धं नाव डोळ्यांनी पाहून ठेवलेलं असतं आणि अर्धं आठवणीतून.* ‘आर्ड’ हे पाहिलेलं होतं : हा प्राणी जमीन उकरतो, हे निरीक्षण शंभर टक्के खरं. ‘वार्क’ हे आठवलेलं होतं : तोंड बघून घरचं डुक्कर आठवलं. पहिलं अर्ध प्राण्याविषयी सांगतं आणि दुसरं नाव ठेवणाऱ्याविषयी.

आणि त्या जमिनीवर आधीपासून राहणाऱ्या लोकांकडे नावं नव्हती असं थोडंच आहे? झुलू भाषेत त्याला ‘इसाम्बाने’ म्हणतात, त्स्वाना भाषेत ‘थाकाडू’ आणि पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिलीत ‘मुहांगा’. या नावांत डुक्कर कुठेच नाही. जगभर पसरलं ते मात्र वसाहतवाल्यांचं नाव, कारण शब्दकोश छापण्याची ताकद त्यांच्याकडे होती.

विद्वानही अडखळले

चूक केवळ शेतकऱ्यांची होती असं समजू नका. १७६६ मध्ये पीटर सायमन पल्लास या जर्मन शास्त्रज्ञाने आर्डवार्कला पहिलं शास्त्रीय नाव दिलं, तेव्हा त्याने त्याला दक्षिण अमेरिकेतल्या मुंगीखाऊच्या प्रजातीत बसवलं. लांब तोंड, लांब जीभ, मुंग्यांचा आहार पाहून कुणालाही तसंच वाटलं असतं. पुढे दोघांमधला फरक लक्षात आला आणि ‘ओरिक्टेरोपस’ हे ग्रीक नाव रूढ झालं. त्याचा अर्थ ‘खणत्या पायांचा’. इथे डुक्कर गेलं, मुंगीखाऊही गेला आणि पाहिलेलं तेवढंच उरलं.

त्याचे खरे नातेवाईक तर विसाव्या शतकाच्या अखेरीस, जनुकांच्या अभ्यासातून समोर आले. हत्ती, समुद्रात राहणारा ड्युगाँग, खडकांत राहणारा सशाएवढा हायरॅक्स आणि आफ्रिकेतले काही छोटे कीटकभक्षी. ही सगळी मंडळी आर्डवार्कच्या मोठ्या कुटुंबातली. चेहरा बघून हे नातं ओळखणं कुणाच्याही आवाक्यातलं नव्हतं.

आपल्याकडे कोकणात, गोव्यात आणि सह्याद्रीच्या रानांत असलेलं खवले मांजरही मुंग्या-वाळवी खातं, लांब जीभ वापरतं, नखांनी वारूळ फोडतं. तरी आर्डवार्कशी त्याचं जवळचं नातं नाही. काम सारखं असलं की हत्यारं सारखी होतात, एवढाच त्याचा अर्थ. आणि बघा, ‘खवले मांजर’ या नावाला आपण हसतो, पण जनुकांनी सांगितलं की खवले मांजराचे सर्वांत जवळचे नातेवाईक म्हणजे मांजर, कुत्रा, अस्वल यांचाच मांसाहारी गण! आठवणीतून ठेवलेलं अर्धं नाव कधी कधी असं नकळत खऱ्याच्या जवळ जाऊन बसतं.

आपल्या अंगणातले ‘भुई’ शब्द

डच लोकांना हसण्याआधी आपली भाषा तपासू. देवमासा हा मासा नाही. पाणघोडा घोडा नाही. पाणमांजर मांजर नाही. आणि ‘भुई’ ने सुरू होणारे आपले शब्द तर थेट ‘आर्ड’ च्याच जातीचे. तीन उदाहरणं घेऊ.

भुईआवळा : ही जमिनीलगत वाढणारी छोटी वनस्पती. आवळ्याचं झाड आणि ही वनस्पती दोन्ही एकाच प्रजातीतल्या. इथे दुसरं पद जवळजवळ खरं ठरलं.

भुईमूग : हा मूग नाही, पण दोघेही शेंगांच्या कुळातले. इथे दुसरं पद अर्धवट खरं.

भुईचाफा : याचा चाफ्याशी काही संबंध नाही, तो आलं-हळदीच्या कुळातला. फुलाचं रूप आणि वास पाहून चाफा आठवला, बस्स. इथे दुसरं पद निव्वळ उपमा.

म्हणजे ‘भुई’ ही आपल्या भाषेची जुनी सवय आहे आणि प्रत्येक शब्दात दुसऱ्या पदाचा खरेपणा वेगवेगळा आहे. आर्डवार्क या यादीत भुईचाफ्याच्या शेजारी बसेल.

भुईमुगाचीच गोष्ट पुढे नेऊ. हे पीक मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. ते आपल्याकडे आलं तेव्हा अनेक भाषांनी त्याला आपल्या ताटातल्या कडधान्याचं नाव दिलं. बेळगाव-धारवाडकडची मंडळी ‘शेंगा’ म्हणतात, पण कन्नडमध्ये दुसरा शब्दही आहे, ‘नेलगडले’, म्हणजे जमिनीतला हरभरा. हैदराबादकडे तेलुगूत ‘वेरुशनगा’, म्हणजे मुळाचा हरभरा. वडोदऱ्यात गुजराती लोक ‘मगफळी’ म्हणतात, इंदूर-ग्वाल्हेरला हिंदीत ‘मूँगफली’, दोन्हींत मूग. मराठी माणूस महाराष्ट्राबाहेर जिथे वसला, तिथे अनेक ठिकाणी त्याच्या शेजाऱ्याने त्याच शेंगेला मूग तरी म्हटलंय किंवा हरभरा तरी. पाहिलेलं सगळीकडे एक : शेंग जमिनीत येते. आठवलेलं मात्र ज्याच्या त्याच्या स्वयंपाकघराप्रमाणे वेगळं.

बटाट्याच्या बाबतीत आपण दुसरा रस्ता धरला. वस्तू आली तशी तिचं नावही पोर्तुगिजांकडून उचललं. डचांनी मात्र बटाट्यालाही ‘आर्डआपल’ केलं, म्हणजे भुईसफरचंद! परकी गोष्ट घरात घेण्याचे हे दोन रस्ते : नाव घडवायचं किंवा नाव उसनं घ्यायचं. दोन्हींची किंमत मोजावी लागते. घडवलेलं नाव पटकन कळतं, पण चुकीच्या नातेवाइकाच्या दारात नेऊन सोडतं. उसनं नाव कुठेही चुकत नाही, पण सुरुवातीला काहीच सांगत नाही.

अनुवादकाची कसोटी

हाच पेच पवित्र शास्त्राच्या अनुवादकांपुढे आला. स्तोत्रसंहिता १०४ मध्ये आणि नीतिसूत्रांच्या ३० व्या अध्यायात खडकांत घर करणाऱ्या एका दुबळ्या प्राण्याचा उल्लेख आहे. हिब्रूत त्याचं नाव ‘शाफान’. तो म्हणजे हायरॅक्स, आपल्या आर्डवार्कचा नातेवाईक. इंग्लंडमध्ये तो प्राणी नव्हताच. म्हणून १६११ च्या इंग्रजी अनुवादात त्याच्या जागी ‘कोनी’, म्हणजे ससा, आला. वाचकाला कळावं म्हणून केलेली ही सोय होती. पण ससा खडकाच्या कपारीत घर करत नाही, आणि त्या वचनाचा सगळा अर्थ खडकाच्या आसऱ्यावर उभा आहे. दुबळा असूनही तो सुरक्षित आहे तो त्या खडकामुळे. नाव बदललं आणि ओवीचा पाया थोडा हलला.

उलट उदाहरण आपल्या घरचं. १६१६ मध्ये गोव्यातल्या रायतूर इथे छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’त फादर स्टीफन्स यांनी स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द वापरला. तोही घरचा शब्द नव्या अर्थाला दिलेला. पण स्टीफन्स यांनी आधी इथली भाषा शिकली, इथली पुराणशैली आत्मसात केली आणि मग इथल्या लोकांशी त्यांच्याच शब्दांत बोलण्यासाठी तो शब्द निवडला. केपच्या शेतकऱ्याने आपली आठवण दुसऱ्याच्या भूमीवर चिकटवली. स्टीफन्स यांनी दुसऱ्याच्या आठवणीचा मान ठेवून त्यात आपला अर्थ ठेवला. दोन्हीकडे जुनाच शब्द नव्या गोष्टीला दिलेला आहे, पण ऐकून घेण्याचं काम एकानेच केलं.

उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात आदाम प्राण्यांना नावं देतो. त्या अध्यायात आदामही मातीपासून घडलेला आहे आणि प्राणीही मातीपासूनच. हिब्रूत ‘आदाम’ आणि माती या अर्थाचा ‘अदामा’ हे शब्द जोडीचे आहेत. म्हणजे नाव देणारा आणि नाव घेणारा दोघेही ‘आर्ड’ च. नाव देण्याचा अधिकार वरून खाली येणारा नसून एकाच मातीतल्या दोघांमधला आहे, असं मला त्यातून वाचावंसं वाटतं.

नावाने काय बिघडतं?

मराठीत एक मोठी मार्मिक जोडी आहे. बाळाचं ‘नाव ठेवणं’ आणि एखाद्याला ‘नावं ठेवणं’. एका अनुस्वाराने बारशाचं रूपांतर निंदेत होतं. आर्डवार्कच्या बाबतीत दोन्ही झालं. ‘जमीन उकरणारं डुक्कर’ म्हटलं की शेताची नासधूस करणारं जनावर डोळ्यांपुढे येतं. खरोखरच त्याच्या बिळांमुळे बांध आणि कुंपणं खचतात म्हणून शेतकऱ्यांनी त्याला मारलंही.

पण त्याच खणण्यावर कितीजण जगतात ते पाहा. त्याने सोडलेल्या बिळांत रानडुकरं, साळिंदरं, खवले मांजरं, वटवाघळं राहतात. ‘ब्लू स्वॉलो’ नावाची निळी पाकोळी तिथे घरटं करते. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ना, तसे इथे नागोबा पुष्कळ, आणि बीळ खणणारा एकच. शिवाय आफ्रिकेत काकडीच्या प्रजातीतला एक वेल आहे. त्याची फळं भुईमुगासारखी जमिनीखाली धरतात. ती खोल फळं उकरून खातो तो आर्डवार्क आणि बिया त्याच्या विष्ठेतून पसरतात. वेलाचा वंश त्याच्या नखांवर चालतो.

कलाहारीच्या रुक्ष प्रदेशात २०१३ च्या दुष्काळात शास्त्रज्ञ सहा आर्डवार्कच्या शरीराचं तापमान मोजत होते. गवत वाळलं, वाळवी आणि मुंग्या कमी झाल्या, प्राण्यांना पुरेसं अन्न मिळेना. अंगातली ऊब टिकवता येईना, म्हणून हे निशाचर प्राणी दिवसाढवळ्या उन्हात बाहेर पडू लागले. सहापैकी पाच मेले. संपूर्ण आफ्रिकेचा विचार केला तर ही जात आज धोक्यात नाही. पण तापमान वाढत गेलं आणि कोरड्या भागातला बीळ खणणारा गेला, तर त्याच्या मागे नागोबांचीही घरं जातील. आणि गणात दुसरी जातच नसल्यामुळे त्याची जागा घ्यायला चुलतभाऊसुद्धा येणार नाही. ‘आणखी एक डुक्कर’ म्हणणाऱ्याच्या हे लक्षात येणं कठीण.

मग मराठीत काय म्हणावं?

‘भुईडुक्कर’ म्हणावं तर डचांची चूक आपण आपल्या हाताने पुन्हा लिहितो. संस्कृतचा आधार घेऊन ‘भूवराह’ म्हणावं तर तो थेट विष्णूचा अवतार होतो, पृथ्वी वर उचलणारा! शब्दाला शब्द अचूक, पण वाचक देवळात जाऊन उभा राहील. ‘मुंगीखाऊ’ म्हणावं तर पल्लासची चूक आपल्या माथी.

माझं मत असं : बटाट्याचा रस्ता धरावा. ‘आर्डवार्क’ असंच लिहावं आणि पहिल्या उल्लेखाला चार शब्दांत ओळख द्यावी : ‘आर्डवार्क हा वारुळं उकरणारा आफ्रिकन प्राणी’. पाहिलेलं तेवढं सांगावं, आठवलेलं आपल्याजवळ ठेवावं. हा नियम प्राण्यांपुरता नाही. परक्या समाजाविषयी, परक्या प्रथेविषयी, वर्गात नव्याने आलेल्या दुसऱ्या भाषेच्या मुलाविषयी लिहितानाही आपली लेखणी असंच अर्धं पाहते आणि अर्धं आठवते. लिहून झालं की एकदा स्वतःला विचारावं, यातलं ‘आर्ड’ किती आणि ‘वार्क’ किती?

स्वाध्याय

१. पाणकोंबडी, देवमासा, तारामासा, रानगवा या शब्दांचा विग्रह करा. दुसरं पद कुठे खरं आहे आणि कुठे उपमा आहे ते सांगा.

२. ‘भुई’ ने सुरू होणारे आणखी तीन शब्द घरातल्या मोठ्यांना विचारून आणा. वस्तूला ते नाव का पडलं असेल, हे प्रत्येकी दोन वाक्यांत लिहा.

३. तुमच्या गावात मराठीशेजारी जी भाषा बोलली जाते तिच्यात साळिंदर आणि खवले मांजर यांना काय म्हणतात? त्या नावांत ‘पाहिलेलं’ काय आणि ‘आठवलेलं’ काय?

४. पंडिता रमाबाईंसारख्या मराठी अनुवादकांपुढे ‘शाफान’ आला तेव्हा त्यांच्यासमोर कोणते पर्याय असतील? तुम्ही कोणता निवडाल आणि का, ते दहा ओळींत मांडा.